परभणीला रेल्वे, रत्नागिरीला बोट

मी परभणीचा. आमच्याकडे पाणी म्हणजे गोदावरी, आणि तिलाही आम्ही गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. गंगाखेडचं नाव ऐकलं की लक्षात येईल. उन्हाळ्यात या गंगेत पाण्यापेक्षा वाळू जास्त. मोठं पाणी बघायचंच असेल तर जिंतूर तालुक्यात येलदरी धरणावर जायचं. बरं, आमची गंगा वाहते ती पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे. म्हणजे अरबी समुद्राशी आमचं नदीच्या वाटेनंसुद्धा काही नातं नाही. अशा गावचा माणूस वीकांताला कोकणच्या आगबोटींवर लिहायला बसलाय हे बघून कुणाला हसू आलं तर मी समजू शकतो :)

पण झालं काय, एक साधा प्रश्न डोक्यात अडकला. मनमाड ते सिकंदराबाद ही निजामाची मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि परभणीला रेल्वे आली. कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. आता अंतरं बघा. मुंबईहून परभणी रेल्वेने साडेपाचशे किलोमीटर, आणि रत्नागिरी रस्त्याने साडेतीनशेच्या आत. म्हणजे लांबच्या, कोरड्या, परक्या संस्थानातल्या गावाला रेल्वे मिळाली आणि मुंबईच्या शेजारच्या जिल्ह्याला तिच्यासाठी आणखी जवळजवळ शंभर वर्षं थांबावं लागलं. मग एवढी वर्षं कोकणातला माणूस मुंबईला जात कसा होता?

उत्तर सगळ्यांना माहीत आहे. बोटीने. "आमचे आजोबा बोटीने मुंबईला आले" हे वाक्य ऑफिसातल्या प्रत्येक कोकणी माणसाकडे असतंच. पण या एका वाक्याच्या मागे केवढा इतिहास आहे ते आपण कधी उघडून बघत नाही. तोच आज थोडा बघू.

आधी भूगोल. कोकण म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधली चिंचोळी पट्टी. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या ती आडवी कापत समुद्राला मिळतात आणि मुखाशी त्यांच्या खाड्या होतात. सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची... उत्तरेकडून दक्षिणेकडे जमिनीवरून जायचं म्हणजे दर थोड्या अंतरावर एक खाडी ओलांडायची. पूल नसताना हे किती वेळखाऊ असेल बघा. दुसरा मार्ग घाट चढून वर येण्याचा. कोल्हापूरला १८९१ साली रेल्वे आली, तेव्हा रत्नागिरीचा माणूस आंबा घाट चढून कोल्हापूर गाठू शकायचा आणि तिथून पुण्यावरून मुंबई. म्हणजे काखेतला कळसा घ्यायला गावभर वळसा. त्या मानाने समुद्र हा सरळ रस्ता. खड्डे नाहीत, पूल नकोत, जमीन संपादन नको.

या रस्त्यावर वाहतूक पूर्वापार होतीच. गलबतं, मचवे, शिबाडं, फत्तेमाऱ्या. पण शिडाचं जहाज वाऱ्याच्या मर्जीवर चालतं. वारा पडला की दोन दिवसांचे पाच दिवस होणार. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बोटी आल्या तेव्हा वेग वाढला हे खरंच, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळी घडली. वेळापत्रक आलं. अमुक वारी बोट सुटणार आणि तमुक वाजता तुमच्या बंदराला लागणार, हे आधीच सांगता येऊ लागलं. वेळापत्रक आलं की माणूस रजा मागू शकतो, घरी पत्र टाकू शकतो, कुणाबरोबर तरी पोराला धाडू शकतो. गावात घर आणि मुंबईत नोकरी असं दोन ठिकाणचं आयुष्य वेळापत्रकाशिवाय चालत नाही.

आणि नोकरी निघालीच होती. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला, मग गिरण्या वाढत गेल्या. गिरणी कामगारांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. (तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. आमच्या परभणीचा परतूर तालुका तोडून नव्या जालना जिल्ह्यात घातला तोही त्याच दिवशी. असो.) कोकणच्या अर्थव्यवस्थेला पुढे मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणू लागले. मनीऑर्डर टपालाने यायची, पण ती पाठवणारा माणूस मुंबईला पोचायचा तो बोटीने. गिरण्या गिरणगावात उभ्या राहिल्या, पण तिथला माणूस उतरला तो भाऊच्या धक्क्यावर. हा भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, धक्का बांधणारा कंत्राटदार. इंग्रज गव्हर्नरांच्या नावांनी भरलेल्या बंदरात लोकांच्या तोंडी मात्र 'भाऊ' राहिला, हे मला फार आवडतं.

या मार्गावर बराच काळ राज्य होतं बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं. त्याआधी शेफर्ड कंपनीच्या बोटी होत्या, मग व्यवस्था किलिक निक्सन या गोऱ्या पेढीकडे आली. मालक साहेब, प्रवासी कोकणी.

आता प्रवास कसा व्हायचा ते बघू. मुंबईहून बोट सुटली की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी पणजी. सगळ्या बोटी सगळी बंदरं घेत नसत, पण माळ ही अशी. पणजीपर्यंत साधारण एक दिवस आणि एक रात्र. वर केबिनवाले, बाकी सगळी जनता तुतकावर. तुतक म्हणजे डेक. तिथे आरक्षण वगैरे काही नाही. वळकटी सोडायची, सतरंजी पसरायची, ती झाली तुमची जागा. जो आधी चढला त्याला बरा कोपरा. जाताना ट्रंका आणि मुंबईची खरेदी, येताना तांदूळ, कुळीथ, कोकम, सुकी मासळी, आणि मोसमात आंब्याच्या पेट्या. हापूसही मुंबईला याच वाटेने गेला.

रात्रभर शेजारी शेजारी झोपायचं म्हटल्यावर ओळखी होणारच. कुठल्या गावचे, कुठल्या वाडीतले, कुठल्या गिरणीत, कुठल्या चाळीत. नवा पोरगा मुंबईत उतरायच्या आधीच त्याला कुठे जायचं, कुणाला भेटायचं, कोण जॉबर बरा हे कळलेलं असायचं. मुंबईत गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या, तिथे राहायची सोय व्हायची. आपण आज ज्याला नेटवर्किंग म्हणतो ते तुतकावर सतरंजीवर बसून चालायचं, व्हिजिटिंग कार्डाशिवाय.

आणि बोट लागायची! मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बोट बंदराला लागते आणि बोट माणसालाही लागते. दुसऱ्या अर्थाने लागली की तुतकावरची माणसं लिंबू हुंगत आडवी व्हायची. एसटीत आपल्याला 'गाडी लागते' म्हणतो तोही याच घरातला शब्द.

खरी कसोटी उतरताना. बहुतेक बंदरांत मोठ्या बोटीला धक्क्यापर्यंत जाता येत नसे. खाडीच्या तोंडाशी गाळ, पाणी उथळ. मग बोट बाहेर समुद्रातच नांगर टाकायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. पडाव लाटेवर वरखाली, बोट आपल्या लयीत. दोन्ही एका पातळीवर आले की त्या क्षणात उतरायचं. म्हाताऱ्यांना हात देऊन, लहान मुलांना एका हातातून दुसऱ्या हातात देऊन. काही बंदरं तर रात्री यायची. अंधार, कंदील, खलाशांचा आरडाओरडा, आणि खाली काळं पाणी. आपण विमानात 'ॲटेन्शन प्लीज' ऐकत सीट बेल्ट लावतो ना, तिथे सेफ्टी डेमो म्हणजे तांडेल ओरडायचा, "आता, उडी!"

किनाऱ्यावरची ही वाहतूक पावसाळ्यात बंद. मे महिन्याच्या अखेरीला समुद्र खवळायला लागला की बोटी थांबायच्या आणि पाऊस सरल्यावर परत सुरू व्हायच्या. याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. आज कोकणात जायची सगळ्यात मोठी गर्दी गणपतीला. पण बोटीच्या काळात गणपतीला समुद्राचा भरवसा नसायचा. शिमगा आणि मे महिना, हे बोटीचे हक्काचे दिवस.

इथवर सगळं रम्य वाटतं. पण आता गोष्टीचा दुसरा भाग.

साहेबी कंपनी भाडं घेते, माणसं कोंबते आणि वर मिजास करते, हा राग लोकांत साचत होता. असं फक्त कोकणात नव्हतं. तिकडे तमिळ मुलखात तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लई यांनी १९०६ साली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि कोलंबोच्या मार्गावर ब्रिटिश कंपनीशी स्पर्धा सुरू केली. ब्रिटिश कंपनीने भाडं पाडत पाडत फुकटावर आणलं आणि वर प्रवाशांना छत्र्या वाटल्या, असं सांगतात. (डिस्काउंट देऊन स्पर्धक मारायचा खेळ ॲपवाल्यांनी शोधला असं वाटत असेल तर गैरसमज दूर करा.) १९०८ मध्ये चिदंबरम यांना तुरुंगात टाकलं आणि पुढे कंपनी बुडाली. मग १९१९ मध्ये वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सिंदिया कंपनी काढली. त्यांची 'लॉयल्टी' बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून इंग्लंडला निघाली, आणि तो दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

कोकण किनाऱ्यावर हाच विचार अगदी तळातून आला. सहकारी तत्त्वावर इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी निघाली. एवढं लांब नाव कोण घेणार? लोकांनी तिला म्हटलं 'माझी आगबोट कंपनी'. 'आपली'सुद्धा नाही, थेट 'माझी'. मार्केटिंगवाले वर्षभर डोकं खाजवून जे नाव काढू शकणार नाहीत ते तुतकावरच्या माणसाने एका झटक्यात दिलं. बोटींची नावंही तशीच. 'तुकाराम', 'रामदास', आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती प्रवाशांसाठी 'सेंट अँथनी'. गंमत बघा, देहूचे तुकोबा आणि आमच्या मराठवाड्यातल्या जांबचे रामदास, दोघांचीही गावं समुद्रापासून दूर. पण बोटीत पाय ठेवताना माणसाला जे नाव तोंडात हवं असतं ते हे.

नावाने मात्र बोट तरंगत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ ला, 'रामदास'.

'रामदास' १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वॅन हंटरच्या गोदीत बांधलेली. म्हणजे बोट जुनी नव्हती, बांधणारे नावाजलेले. त्या दिवशी सकाळी ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. हा छोटा मार्ग, दीड-दोन तासांचा, पावसाळ्यातही चालणारा. आषाढ अमावस्या तोंडावर, त्यामुळे घरी जाणाऱ्यांची गर्दी. बोटीवर सातशेहून जास्त माणसं. मुंबई बंदराच्या बाहेर काश्याच्या खडकाजवळ मोठ्या लाटांनी बोट एका बाजूला कलली, घाबरलेली माणसं एकीकडे सरकली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. एकोणतीस दिवसांनी देश स्वतंत्र झाला.

यातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट सांगतो. मुंबई डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावर हे झालं आणि मुंबईला कित्येक तास पत्ता नव्हता. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. वाचलेले लोक स्वतः किनाऱ्याला लागले तेव्हा बातमी कळली. कित्येकांना वाचवलं ते कोळ्यांच्या होड्यांनी. आता आठवा, 'टायटॅनिक' बुडाली १९१२ मध्ये. तिच्यावर वायरलेस होता म्हणून 'कार्पेथिया' धावून आली आणि सातशेच्या वर माणसं वाचली. त्यानंतर दोन वर्षांतच जहाजांवरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणजे तंत्रज्ञान पस्तीस वर्षं जुनं, नियमही माहीत असलेले. मग 'रामदास'वर का नाही? मार्ग छोटा, प्रवासी साधे, खर्च कशाला, हेच उत्तर असणार. सॉफ्टवेअरमध्ये आपण म्हणतो ना, "छोटं मॉड्यूल आहे, त्याला कुठे मॉनिटरिंग लावताय", तसंच. फक्त इथे क्रॅश झाल्यावर रीस्टार्ट नसतो.

मालक गोरा असला की लोकांचे हाल होतात, हे स्वदेशीवाल्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मालक 'माझा' झाला म्हणून माझा जीव आपोआप सुरक्षित होत नाही, हे 'रामदास'ने शिकवलं. ज्या माणसाला दुसरा पर्याय नसतो तो कशाही बोटीत चढतो, आणि तो चढणारच आहे हे मालकाला माहीत असतं. साहेबालाही माहीत होतं आणि आपल्यालाही.

पुढची गोष्ट थोडक्यात. बॉम्बे स्टीम कंपनी सिंदियाच्या छत्राखाली गेली. नंतर चौगुल्यांच्या बोटी आल्या. मग १९७० च्या दशकात हा मार्ग सरकारी मोगल लाइनकडे आला, जी मुळात हज यात्रेकरूंना जेद्दाला नेणारी कंपनी. त्या काळात तुतकावर नवे सहप्रवासी दिसू लागले, गोव्याला निघालेले हिप्पी. एकीकडे गळ्यात गिटार, शेजारी मालवणची आजी आणि तिची फणसाची गोण. पण तोवर रस्ता सुधारला होता, खाड्यांवर पूल होत होते, एसटी गावागावांत पोचली होती. घरापासून पन्नास पावलांवर एसटी थांबत असेल तर पडावातून उडी मारायला कोण जाणार? बोट हळूहळू आटत गेली. आणि मग रेल्वे आली. बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते यांनी संसदेत वर्षानुवर्षं तिचा धोशा लावला होता. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली ब्याण्णव बोगदे खणून ती झाली. ज्या सह्याद्रीने आणि खाड्यांनी कोकणी माणसाला समुद्रात ढकललं होतं, त्यांच्यातूनच शेवटी गाडी गेली.

बोट परत आणायचे प्रयत्नही झाले. १९९० च्या दशकात दमानियांची मुंबई-गोवा कॅटामरान आली, वेगवान आणि वातानुकूलित. टिकली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली, स्विमिंग पूल वगैरे असलेली. २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. उलट मार्च २०२० मध्ये सुरू झालेली मुंबई-मांडवा रो-रो मात्र चालली. का? कारण अलिबागकडे जाणाऱ्याचे तिच्यामुळे खरोखर तास वाचतात. गाडी बोटीत चढवा, पलीकडे उतरवा. २०२५ मध्ये मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला रो-रोची घोषणा झाली. जुन्याच बंदरांची नावं परत वेळापत्रकात यावीत, मला तरी आनंद आहे. पण या सगळ्यातून एक हिशोब दिसतो. हौसेच्या प्रवाशावर बोट दोन-चार वर्षं चालते. शंभर वर्षं चालली ती गरजेच्या प्रवाशावर.

आणि गरजेच्या प्रवाशाचा जीव अजून स्वस्तच आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, पंधरा जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट घालायची सक्ती आली ती त्यानंतर. 'रामदास'ला तेव्हा सत्याहत्तर वर्षं झाली होती.

परभणीच्या माणसाला यातलं काय? एकच. दिवाळी संपल्यावर कधी परभणी स्टेशनवर देवगिरी किंवा नंदीग्रामच्या जनरल डब्यासमोर उभे राहा. दारात लटकलेली पोरं, खिडकीतून आत सरकवलेली लेकरं, पोत्यावर बसलेल्या बाया, आणि आत दोन अनोळखी माणसं एकमेकांना विचारतायत, "कोणतं गाव? पुण्यात कुठं कामाला?" तो तुतकच आहे. आमच्याकडे रेल्वे शंभर वर्षं आधी आली, पण डब्यातली जागा अजून सतरंजी टाकून धरावी लागते. एसी थ्री टायरच्या काचेतून आपण त्या गर्दीकडे बघतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा मात्र त्याच गर्दीतून शहरात आले, कुणी बोटीने, कुणी मीटरगेजने. त्या डब्याला आणखी एक डबा जोडा अशी मागणी कुणी केली तर निदान आपण तरी "ते लोक कसेही जातात हो" असं म्हणू नये.